योकोकावाला उतरा : जपानच्या सहली आखणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांना खुले पत्र

प्रति,
जपानच्या सहली आखणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांचे संचालक आणि गटाबरोबर जाणारे सहल-व्यवस्थापक

सप्रेम नमस्कार.

तोक्योहून नागानो किंवा कानाझावाकडे निघालेला आपला गट शिनकानसेनने ताकासाकी सोडतो. थोड्याच वेळात गाडी बोगद्यात शिरते, मध्येच क्षणभर उजेड येतो, पुन्हा बोगदा, आणि पाव तासाच्या आसपास कारुइझावाची थंड हवा लागते. आपण एक घाट चढून आलो हे गाडीतल्या एकालाही जाणवत नाही. हा उसुइचा घाट. जपानी रेल्वे तो चढायला शंभर वर्षांहून अधिक काळ धडपडत होती. त्या धडपडीचे पायथ्याचे ठाणे म्हणजे गुन्मा प्रांतातले योकोकावा हे छोटे स्टेशन. आपल्या कार्यक्रमात त्याला अर्धा दिवस द्यावा, आणि तिथला इतिहास गटाला नीट, क्रमाने सांगितला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मराठी माणसाला हे स्टेशन समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिने लागतात, तेवढ्यात खिडकीतून बटाटेवडा आत येतो आणि मग गाडी खंडाळ्याकडे चढू लागते. योकोकावा हे जपानचे कर्जत होते. फरक चढाचा. बोरघाटाचा सर्वांत कठीण चढ ३७ फुटांना १ फूट आहे. उसुइचा १५ फुटांना १. म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर बोरघाटात गाडी २.७ मीटर वर जाते, उसुइत ६.७ मीटर. बारा डब्यांची, अंदाजे २४० मीटर लांबीची गाडी या चढावर उभी केली, तर पहिला डबा शेवटच्या डब्यापेक्षा १६ मीटर उंचावर असतो, पाच मजली इमारतीएवढा. एवढे एक गणित गटाला आधी सांगून ठेवले की पुढचे सगळे आपोआप उलगडत जाते.

आता इतिहास. ताकासाकी ते योकोकावा हा २९.७ किमीचा मार्ग १५ ऑक्टोबर १८८५ रोजी सुरू झाला. तोक्यो आणि क्योतो जोडणारी मुख्य रेल्वे डोंगरातून, जुन्या नाकासेंदो रस्त्याच्या अंगाने न्यायची, असा तेव्हाचा बेत होता. १८८६ मध्ये सरकारने तो बदलला आणि मुख्य मार्ग समुद्रकाठच्या तोकाइदोवरून नेला. योकोकावाची रेल्वे मात्र घाटाच्या तोंडाशी येऊन थांबलेली. पलीकडे जपान समुद्रावरच्या नाओएत्सु बंदराकडून बांधत आणलेली रेल्वे डिसेंबर १८८८ मध्ये कारुइझावाला पोचली. दोन्हीकडे रूळ तयार, मध्ये फक्त ११.२ किमीची फट. आणि त्या फटीत साडेपाचशे मीटरची उंची. योकोकावा समुद्रसपाटीपासून सुमारे ३८७ मीटरवर आहे, कारुइझावा सुमारे ९४० मीटरवर.

ती फट पहिल्यांदा घोड्यांनी भरून काढली. १८८८ पासून रस्त्यावर रूळ टाकून घोड्यांची ट्राम चालू झाली. माणसे कशीबशी जात. माल मात्र तुंबून राही. रेल्वेसाठी वेगवेगळ्या वाटांची पाहणी झाली. लांब वळसा घेऊन चढ कमी करायचा, की जवळच्या वाटेने सरळ चढायचे, हा प्रश्न होता. शेवटी जवळची वाट निवडली गेली, आणि नुसत्या चाकांच्या पकडीवर तेव्हाचे इंजिन १ : १५ चढू शकत नसल्यामुळे दातेरी रेल्वे आली.

या दातेरी रेल्वेची रचना स्विस अभियंता रोमान आब्त याची. जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या रेल्वेचा नमुना समोर होता. दोन रुळांच्या मधोमध दात कापलेल्या पोलादी पट्ट्या बसवायच्या आणि इंजिनाच्या पोटातले दातेरी चाक त्यांत अडकवून वर चढायचे, हे मूळ तत्त्व. आब्तची युक्ती अशी की पट्टी एकच न ठेवता अनेक ठेवायच्या आणि त्यांचे दात एकमेकांच्या मागेपुढे सरकवायचे. उसुइत अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. एका पट्टीचा दात सुटताना दुसरीचा दात पकडीत असे, त्यामुळे झटका बसत नसे आणि एखादा दात तुटला तरी पकड पूर्ण सुटत नसे. आपल्या माथेरानची गाडी चढते ती वळणे घेत, चाकांच्या पकडीवर. तिला दात नाहीत. दातेरी रेल्वे पाहायची तर आपल्याकडे निलगिरीला जावे लागते. तिथेही आब्तचीच पद्धत आहे, पण पट्ट्या दोन. गटातल्या कुणी उटीची गाडी पाहिली असेल तर हा धागा जरूर जोडावा.

काम मार्च १८९१ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर १८९२ मध्ये संपले, दोन वर्षेही लागली नाहीत. तेवढ्यात २६ बोगदे आणि १८ पूल उभे राहिले. या घाईची किंमत मजुरांनी दिली. पाचशेच्या आसपास माणसे दगावल्याचे सांगितले जाते. १ एप्रिल १८९३ रोजी वाहतूक सुरू झाली. पुलांच्या आराखड्यांमागे चार्ल्स पॉनल या इंग्रज अभियंत्याचे नाव आहे. त्यांतला तिसरा पूल, चार कमानींचा, ९१ मीटर लांब, ३१ मीटर उंच, वीस लाखांहून जास्त विटांचा, आजही दरीत उभा आहे. लोक त्याला मेगाने-बाशी, म्हणजे चष्म्याचा पूल म्हणतात. १९९३ मध्ये जपान सरकारने त्याला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. औद्योगिक काळातल्या बांधकामांना असा दर्जा देण्याची ती सुरुवात होती.

इथे गटाला थोडे थांबवून सांगण्यासारखी गोष्ट धुराची आहे. ११.२ किमी चढायला गाडीला सव्वा तासाहून जास्त वेळ लागे. दातेरी पट्टीवरचा वेग ताशी दहा किमीसुद्धा नव्हता. त्यात एकूण जवळपास साडेचार किमीचे बोगदे. तिरका बोगदा हा धुराड्यासारखा वागतो : गरम धूर वरच्या तोंडाकडे धावतो. गाडीही वरच निघालेली आणि धुरापेक्षा सावकाश. त्यामुळे स्वतःचाच धूर गाडीला घेरून तिच्याबरोबर चढत राही आणि चालक-फायरमन गुदमरून बेशुद्ध पडण्याइतकी वेळ येई. यावर काढलेला उपाय साधा होता. बोगद्याच्या खालच्या तोंडाला मोठा पडदा बसवला आणि तो ओढायला माणूस नेमला. गाडी आत शिरली की तो पडदा ओढून तोंड बंद करी. खालून हवा आत येणे थांबले की धूर वर ढकलला जात नसे, गाडीच्या मागे रेंगाळे आणि गाडी त्यातून पुढे निसटे. गाडी बाहेर पडली की पडदा उघडायचा. प्रत्येक गाडीला, पावसात, बर्फात, रात्री. या माणसांची घरे बोगद्यांच्या तोंडाशीच असत. पुलाचे छायाचित्र सगळेच काढतात. पडदा ओढणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली, तर तो पूल नुसती नक्षी राहत नाही.

धुरावरचा खरा इलाज विजेचा. १९१२ मध्ये योकोकावा ते कारुइझावा हा टप्पा विजेवर आला. जपानमधल्या मुख्य मार्गांवरचे हे पहिले विद्युतीकरण. बोरघाटात वीज आली तेव्हा १९२० चे दशक संपत आले होते, म्हणजे उसुइ दीड तपाने पुढे. बोगदे अरुंद असल्याने वर तार ओढायला जागा नव्हती. म्हणून रुळांच्या कडेला तिसरा रूळ टाकून त्यात ६०० व्होल्टची डीसी वीज सोडली आणि इंजिनाचा हात त्या रुळाच्या खालच्या अंगाला टेकवला. स्टेशनाच्या आवारात माणसे रूळ ओलांडतात, म्हणून तिथे मात्र डोक्यावर तार. विजेसाठी योकोकावालाच कोळशावरचे वीजघर उभारले होते. घाटात मारुयामा आणि यागासाकी इथे उपकेंद्रे झाली. मारुयामाच्या दोन विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत. एकीत यंत्रे होती, दुसरीत बॅटऱ्या. बॅटऱ्या कशाला, असा प्रश्न गटातून हमखास येईल. गाडी चढू लागली की विजेची मागणी एकदम उसळते आणि गाडी गेली की शून्यावर येते. वीजघर एका लयीत चालत राहावे, आणि उसळीच्या वेळची जादा वीज साठ्यातून मिळावी, यासाठी त्या होत्या. वेळ पाऊण तासाच्या आसपास आला आणि हळूहळू धूर गेला.

घाट मात्र शांत झाला नाही. मधल्या कुमानोताइरा या स्टेशनावर गाड्या एकमेकींना ओलांडत. जून १९५० मध्ये तिथे दरड कोसळली. रुळांवरची माती उपसण्याचे काम चालू असतानाच दुसरी, मोठी दरड कामगारांवर आणि रेल्वेच्या घरांवर आली. ५० जण गेले. त्यांत कर्मचाऱ्यांच्या घरची माणसेही होती. तिथे आई आणि मूल यांचे स्मारकशिल्प आहे. गट तिथपर्यंत चालत गेला तर दोन मिनिटे शांत उभे राहण्याची ती जागा आहे. सेल्फीसाठी पुढे भरपूर जागा मिळेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाहतूक वाढली आणि दातेरी रेल्वे गळ्याला फास होऊन बसली. पुन्हा तोच जुना प्रश्न आला : लांब वळसा की सरळ चढ? याही वेळी सरळ चढच निवडला. १ : १५ तसाच ठेवायचा, दात काढून टाकायचे आणि वजनदार विजेच्या इंजिनांच्या चाकांच्या पकडीवर गाडी चढवायची. १५ जुलै १९६३ रोजी नवा मार्ग सुरू झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर दातेरी रेल्वे बंद झाली. १९६६ मध्ये दुसरी लाइनही आली.

या कामासाठी बनवलेले इंजिन ईएफ६३. १०८ टन वजन, सहा मोटारी, एकूण २५ इंजिने, आणि सगळी फक्त या ११.२ किमीसाठी. योकोकावाला प्रत्येक गाडीला दोन ईएफ६३ लागत, आणि ती नेहमी योकोकावाच्या, म्हणजे उताराच्या बाजूला. चढताना ती मागून रेटत, उतरताना पुढे राहून सगळी गाडी छातीवर धरत. त्यांचे टोपणनाव शेर्पा. चढताना गाडीच्या तोंडाशी बसलेला चालक पुढचे सिग्नल पाहून मागच्या इंजिनातल्या चालकाला कळवी आणि गाडी प्रत्यक्षात मागचाच चालवी. आणखी एक गंमत : जपानमध्ये तोक्योकडे जाणारी प्रत्येक गाडी 'चढती' म्हणवली जाते. त्यामुळे या घाटात उतरणारी गाडी वेळापत्रकात 'चढती' असे आणि चढणारी 'उतरती'. फलक वाचून समजावताना इथे गोंधळ होतो, तेवढे लक्षात ठेवावे.

जोडणीचे काम चार-पाच मिनिटांचे, पण त्यात खूप काही होते. निरनिराळ्या गाड्यांचे जोड निरनिराळे, म्हणून ईएफ६३ च्या कारुइझावाकडच्या तोंडाला दोन प्रकारचे जोड एकाच खुंट्यावर बसवले होते. लागेल तो फिरवून पुढे आणायचा. डब्यांना हवेच्या स्प्रिंगा असतील तर घाटापुरती त्यांतली हवा काढून टाकत. मागून एवढ्या जोराने रेटले जात असताना मऊ स्प्रिंगांवरचा डबा उचलला जाऊन रुळावरून घसरण्याची भीती असते. म्हणून प्रवाशांना तो टप्पा खडखडीत लागे. घाटासाठी मजबूत केलेल्या डब्यांच्या क्रमांकाआधी एक छोटा गोल ठिपका रंगवलेला असे. आवारात ठेवलेल्या जुन्या डब्यांवर तो ठिपका शोधायला मुलांना सांगा. स्वतःच्या मोटारी असलेल्या गाड्यांना आधी आठ डब्यांची मर्यादा होती, कारण घाटात त्यांच्या मोटारी बंद राहत. पुढे ईएफ६३ च्या चालकाच्या हातात गाडीच्या मोटारीही देण्याची व्यवस्था झाली आणि बारा डबे चढू लागले.

उतरणे चढण्यापेक्षा अवघड होते. चढायला १७ मिनिटे लागत, उतरायला २४. ठरलेल्या वेगाच्या वर गाडी गेली की ती या चढावर परत ताब्यात येत नाही : ब्रेक तापतात, तापले की पकड कमी होते, पकड कमी झाली की वेग वाढतो. त्यामुळे वेग ओलांडताच आपोआप ब्रेक लावणारे यंत्र, मोटारींकडूनच गती खेचून घेणारा ब्रेक आणि थेट रुळाला चिकटणारा विद्युतचुंबकी ब्रेक अशी तिहेरी योजना होती. तरीही ऑक्टोबर १९७५ मध्ये डब्यांशिवाय उतरणारी चार इंजिने सुटली आणि रुळावरून खाली कोसळली. तिघे कर्मचारी जखमी झाले.

आता कामामेशी. योकोकावाचे नाव जपानभर झाले ते या भाताच्या भांड्यामुळे. ओगिनोया हे दुकान स्टेशनाच्या वयाचेच आहे, १८८५ चे. गाड्या इथे इंजिनासाठी थांबत, म्हणजे गिऱ्हाईक समोर उभे, पण डबा तोच थंड भाताचा. मिनेजी ताकामिझावा या मालकीणबाईंनी गरम राहणारे जेवण द्यायचे ठरवले आणि १ फेब्रुवारी १९५८ पासून मातीच्या जाड भांड्यातला 'तोगे नो कामामेशी', म्हणजे घाटातला हंडीभात, १२० येनला विकायला काढला. भांडी तोचिगी प्रांतातल्या माशिको गावच्या कुंभारांची. गाडी सुटताना विक्रेते फलाटावर रांगेत उभे राहून वाकून निरोप देत. इंजिनांच्या चार मिनिटांवर एक अख्खा धंदा उभा राहिला. आपल्या कर्जतच्या वड्याची जन्मकथा याहून फार वेगळी नाही.

मराठी गटासाठी यातली अडचण आधीच सांगावी. या भातात कोंबडीचे तुकडे आणि लावरीचे अंडे असते. त्याशिवाय बांबूचे कोंब, शिइताके अळंबी, गोबो नावाचे मूळ, चेस्टनट, जर्दाळू, मटार, लाल आले. कोंबडी आणि अंडे बाजूला काढले म्हणजे शाकाहारी झाले, असे कृपया कोणालाही सांगू नका. भात रश्श्यात शिजलेला असतो आणि जपानी रश्श्यात माशाचा अर्क असणे ही नेहमीची गोष्ट. शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी ताकासाकीहूनच वेगळी सोय बरोबर घ्या. योकोकावाच्या परिसरात पर्याय फार थोडे. रिकामे भांडे घरी आणता येते आणि त्यात गॅसवर एक जपानी माप, म्हणजे १८० मिली तांदूळ शिजतो. पण ते जड आहे. वीस जणांनी वीस भांडी घेतली की परतीच्या विमानात सामानाचा प्रश्न उभा राहतो, हे घेण्यापूर्वी सांगितलेले बरे.

घाटाचा शेवट कसा झाला, यावर मार्गदर्शक सहसा एका वाक्यात उरकतात : नवी गाडी आली, जुनी गेली. ते अपुरे आहे. मालगाड्या १९८४ मध्येच या घाटातून थांबल्या होत्या. प्रत्येक प्रवासी गाडीला दोन खास इंजिने, ती जोडणारी-सोडणारी माणसे, त्यांचा डेपो, हा खर्च फक्त ११.२ किमीसाठी होता. नागानोकडचे लांबचे प्रवासी शिनकानसेनकडे जाणार हे ठरल्यावर त्या टप्प्यात स्थानिक प्रवासी फारच थोडे उरत होते. ३० सप्टेंबर १९९७ हा शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी शिनकानसेन नागानोपर्यंत धावली आणि योकोकावा शेवटचे स्टेशन झाले. कारुइझावापासून पुढचा मार्ग शिनानो रेल्वे या स्थानिक कंपनीकडे गेला. शिनकानसेनने उत्तरेकडून लांब वळसा घेऊन चढ हजाराला ३० वर आणला. १८९० च्या सुमारास टाळलेला आणि १९६३ मध्ये पुन्हा टाळलेला तो वळसा शेवटी घेतलाच. शिनएत्सु मुख्य मार्ग हे या जुन्या रेल्वेचे नाव अजून आहे, पण त्याचे आता तीन सुटे तुकडे उरलेत, आणि योकोकावा हे त्यांतल्या एकाचे टोक.

आता सहलीचे वेळापत्रक. तोक्योहून शिनकानसेनने ताकासाकी सुमारे ५० मिनिटे. परत ताकासाकीलाच यायचे असेल तर मोठे सामान तिथे लॉकरमध्ये ठेवा. पुढची लोकल साधी आहे, मोठ्या बॅगा घेऊन वीस माणसे त्यात अवघडतात. लोकलने योकोकावा ३५ मिनिटांच्या आत येते, पण गाडी साधारण तासाला एक. एक चुकली की अर्ध्या दिवसाचे गणित बिघडते, म्हणून शिनकानसेनची वेळ लोकलवरून ठरवा, उलटे करू नका. काही शनिवार-रविवारी या मार्गावर वाफेच्या इंजिनाची गाडीही असते. तिचे आरक्षण वेगळे करावे लागते.

उतरल्यावर स्टेशनाबाहेरच्या गटाराकडे पाहा. झाकणासाठी जुन्या दातेरी पट्ट्याच वापरल्या आहेत. आब्तची पद्धत समजावायला याहून चांगली जागा नाही : वाकून बोट लावून दात मोजता येतात. तिथून दोन मिनिटांवर रेल्वेचे उद्यान-संग्रहालय आहे, १९९९ मध्ये जुन्या इंजिन-डेपोच्याच जागेवर उघडलेले. दातेरी काळातले ईडी४२ आणि नंतरची ईएफ६३ तिथे शेजारी पाहता येतात. क्रम हाच ठेवा : आधी गटाराचे झाकण, मग ईडी४२, मग ईएफ६३. प्रशिक्षण वर्ग आणि परीक्षा पार केलेल्यांना खरे ईएफ६३ चालवायलाही मिळते, पण ते अर्ध्या दिवसाच्या पाहुण्यांचे काम नाही. संग्रहालय सहसा मंगळवारी बंद असते; तारीख ठरवण्याआधी पाहून घ्या. आवारातून वर जाणारी छोटी ट्रॉली गाडी मुख्यतः सुटीच्या दिवशीच चालते. मधल्या वारी नेऊन 'ट्रॉली मिळेल' असे छापले तर गट नाराज होईल आणि तो योग्यच असेल.

चालणाऱ्यांसाठी जुन्या दातेरी मार्गावरच पायवाट केली आहे, आब्तची वाट. स्टेशनापासून मारुयामा उपकेंद्र, पुढे गरम पाण्याचे स्नानगृह, मग चष्म्याचा पूल, आणि सहा किमीवर कुमानोताइरा. पुलापर्यंत अंदाजे पावणेपाच किमी, चढ सतत पण सौम्य वाटणारा, ज्येष्ठांचा गट असेल तर दीड तासाहून जास्त धरा. वाटेतल्या दहा बोगद्यांपैकी सर्वांत लांब सहावा, ५४६ मीटरचा, पुलाच्या लगेच पुढे लागतो. बोगद्यांतले दिवे संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होतात. परतीची चाल धरून दुपारी दोननंतर गट वर सोडू नका. आत पाणी ठिबकते आणि उन्हाळ्यातही गारठा असतो. पातळ जाकीट आणि रबरी तळाचे बूट सांगून ठेवा. डोंगरात अस्वले आहेत, त्यामुळे फलकांकडे दुर्लक्ष नको आणि खाण्याचे काही वाटेत टाकू नये. कुमानोताइराहून परतीचे वाहन नाही असेच धरा. पुलापाशी बस येते ती काही हंगामांतच. ज्यांना चालवत नाही त्यांना उपकेंद्रापर्यंत नेऊन परत आणले तरी निम्मी गोष्ट डोळ्यांनी दिसते.

योकोकावाहून पुढे कारुइझावाला जायचे तर जुन्या रेल्वेच्या जागी आलेली बस आहे. अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, पण दिवसातून फेऱ्या मोजक्याच. मोठा गट एका बसमध्ये मावेलच असे नाही. वीसच्या वर माणसे असतील तर आधी चौकशी करा, किंवा स्वतःची बस योकोकावाला बोलावून ठेवा. आमच्या मते सर्वांत चांगला क्रम असा : सकाळी ताकासाकी, लोकलने योकोकावा, संग्रहालय, दुपारचे जेवण, पायवाटेने उपकेंद्रापर्यंत किंवा पुलापर्यंत जाऊन परत, आणि दुपारनंतर ठरवलेल्या बसने जुन्या रस्त्याने घाट चढून कारुइझावा. त्या रस्त्याला वळणे फार आहेत. गाडी लागणाऱ्यांना जेवणानंतर अर्धा तास जाऊ द्या, पुढच्या आसनांवर बसवा.

आणखी एक विनंती, मार्गदर्शकांना. योकोकावाची ओळख 'प्रसिद्ध भाताचे स्टेशन' अशी करून देऊ नका. भात प्रसिद्ध झाला कारण गाडी थांबत होती, गाडी थांबत होती कारण इंजिने लागत होती, आणि इंजिने लागत होती कारण १८९१ मध्ये कोणीतरी वळसा न घेता सरळ चढायचे ठरवले. या क्रमाने सांगितले तर हंडी हातात घेतलेल्या माणसाला ती कुठून आली ते कळते.

पुढच्या हंगामाचे कार्यक्रम आपण आखाल तेव्हा निदान एका तारखेच्या सहलीत हा अर्धा दिवस घालून पाहा. वेळापत्रक बसवताना, मराठीत माहितीपत्रक लिहिताना किंवा मार्गदर्शकांना तयार करताना मदत लागली तर ती आम्ही विनामूल्य करू.

आपले,
घाटरेल्वेचे काही मराठी अभ्यासक